मेलेल्या गायकाच्या वतीने ‘नाही’ कोण म्हणणार?

मे २०२५ मध्ये पॅरिसच्या पोलिसांना ‘द डोअर्स’ या अमेरिकी रॉक बँडचा गायक जिम मॉरिसन याचा अर्धपुतळा सापडला. ते त्याला शोधत नव्हते. एका आर्थिक गुन्ह्याच्या तपासात झडती चालली होती, तिथे हा संगमरवरी चेहरा निघाला. क्रोएशियाचा शिल्पकार म्लादेन मिकुलिन याने तो घडवला होता आणि १९८१ मध्ये, गायकाच्या मृत्यूला दहा वर्षं झाली तेव्हा, पेर लाशेझ कबरस्तानात त्याच्या थडग्यावर बसवला होता. १९८८ मध्ये तो चोरीला गेला. पण चोरांच्या आधी चाहत्यांनीच त्याची दशा करून ठेवली होती. रंग फासलेला, लोकांनी आपापली नावं लिहिलेली, नाकातोंडाचे टवके उडालेले. ३७ वर्षांनी हाती लागला तो असा.

ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच चेहऱ्यावर आपलं नाव लिहायचं, ही ओढ कसली असते? ती बातमी वाचल्यापासून हा प्रश्न मला सोडत नाही.

मी तबला वाजवतो. पोटापाण्यासाठी नोकरी केली, पण जवळजवळ चाळीस वर्षं संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी साथ केली: भजन, नाट्यसंगीत, अधूनमधून ख्याल. रॉक संगीत हा माझा प्रांत नव्हे. पुण्यात कॉलेजात असताना एका मित्राच्या खोलीवर घासून घासून पातळ झालेल्या कॅसेटवर ‘द डोअर्स’ ऐकले. शब्द निम्मेही कळले नाहीत. मात्र एक गोष्ट त्याच दिवशी कानात बसली. गायक मध्येच गाणं सोडून बोलायला लागायचा, किंचाळायचा, गप्प व्हायचा, आणि ड्रम वाजवणारा माणूस त्याच्या मागे धावत नव्हता. तो जागा धरून थांबत होता. गायक परत कुठे येणार हे त्याला ठाऊक असल्यासारखा. लहरी गवयाच्या मागे बसलेल्या कोणालाही विचारा, हे थांबणं किती अवघड असतं.

त्या ड्रमवाल्याचं नाव जॉन डेन्समोर. मॉरिसनच्या वारशाबद्दल जगात जे भांडण चालू आहे, त्यात मला पटलेली बाजू त्याची आहे. का, ते सांगायचं तर आधी ते भांडण सांगायला हवं.

मॉरिसन १९४३चा. वडील अमेरिकी नौदलात, पुढे रिअर ॲडमिरल झाले. १९६४च्या टोंकिनच्या आखातातल्या घटनेच्या वेळी तिथल्या नौदल तुकडीचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. व्हिएतनाम युद्धात अमेरिका पूर्णपणे उतरली ती त्या घटनेनंतर. मुलगा लॉस एंजेलिसला चित्रपटाचं शिक्षण घेऊन बाहेर पडला, घराशी संबंध तोडले आणि आईवडील वारले असं रेकॉर्ड कंपनीला सांगून मोकळा झाला. १९६५ मध्ये त्याने रे मॅन्झारेकबरोबर बँड काढला. जॉन डेन्समोर आणि गिटारवाला रॉबी क्रीगर नंतर आले. हे दोघे महर्षी महेश योगींच्या ध्यानवर्गातले. रविशंकरांनी १९६२ मध्ये मुंबईत काढलेल्या ‘किन्नर’ संगीतशाळेची शाखा पुढे लॉस एंजेलिसला निघाली, तिथेही दोघांनी काही काळ धडे घेतले. त्या बँडच्या लांबलचक गाण्यांत एकाच स्वराभोवती फिरत राहण्याची जी सवय आहे, ती कुठून आली हे आपल्या कानांना वेगळं सांगावं लागत नाही. मंचावर बासवादक नव्हता. मॅन्झारेक डाव्या हाताने एका छोट्या कीबोर्डवर बासचे स्वर धरायचा आणि उजव्या हाताने ऑर्गन वाजवायचा. म्हणजे डेन्समोरला एका माणसाच्या डाव्या हातावर आणि दुसऱ्याच्या मनःस्थितीवर लक्ष ठेवून लय सांभाळायची होती.

१९६७च्या जानेवारीत पहिला अल्बम, १९७१च्या एप्रिलमध्ये सहावा. ३ जुलै १९७१ रोजी मॉरिसन पॅरिसमधल्या भाड्याच्या घरात, न्हाणीघरातल्या टबमध्ये मृतावस्थेत सापडला. वय २७. हृदय बंद पडल्याची नोंद झाली, शवविच्छेदन झालं नाही. आधीच्या सप्टेंबरात रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स गेला होता, ऑक्टोबरात गायिका जॅनिस जॉप्लिन, दोघंही २७चेच. आता जगाला एक आकडा मिळाला आणि आकड्याभोवती दंतकथा तयार झाली. दफनाला चार-पाच माणसं होती. बँडमधलं कोणीही नव्हतं, त्यांना कळलंच उशिरा.

तेव्हापासून दोन तट आहेत. एका तटाला तो कवी वाटतो, द्रष्टा वाटतो, समाजाच्या ढोंगावर हल्ला करणारा आणि त्यात जळून गेलेला. दुसऱ्या तटाला तो वाया गेलेला, आत्मप्रेमात बुडालेला दारुडा वाटतो. शाळकरी कवितांना चामड्याची विजार चढवली की जे होतं ते. दोन्ही तटांकडे पुरावे आहेत, आणि दोघंही पुरावे बहुतेक वेळा एकाच ठिकाणचे देतात: मायामी, १ मार्च १९६९.

त्या रात्रीबद्दल मला जे वाटतं ते साथीदार म्हणून वाटतं. सभागृह म्हणजे जुनं हँगर, समुद्री विमानं ठेवायची जागा. उकाडा. जास्त तिकिटं खपावीत म्हणून आयोजकांनी खुर्च्या काढून टाकलेल्या. मॉरिसन विमान चुकवून, वाटेत पीत, उशिरा पोहोचला. गाणं सुरू करायचा, सोडून द्यायचा, लोकांना शिव्या द्यायचा, चिथवायचा. काही दिवसांपूर्वी त्याने ‘लिव्हिंग थिएटर’ या नाटकमंडळीचे प्रयोग पाहिले होते, प्रेक्षकाला हलवून सोडण्याची ती झिंग त्याच्या डोक्यात होती असं म्हणतात. असेलही. पण मागे तिघं जण वाद्यं घेऊन उभे होते आणि तो त्यांना सम दाखवायला तयार नव्हता. दारू पिऊन बैठकीवर बसणं हा श्रोत्यांचा अपमान असतो, असं आपण म्हणतो. साथीदारांचा तो त्याहून मोठा अपमान असतो, कारण श्रोता उठून जाऊ शकतो. त्याआधी सप्टेंबर १९६८ मध्ये ॲम्स्टरडॅमला तो शुद्ध हरपून पडला होता आणि उरलेल्या तिघांनी, मॅन्झारेकच्या गळ्यावर, कार्यक्रम पार पाडला होता. ते तिघं काय सोसत होते याची कल्पना यावरून यावी.

म्हणून त्या रात्रीला ‘क्रांतिकारी कला’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण पुढे मायामीने जे केलं तेही मला तितकंच खोटं वाटतं. त्याने मंचावर कपडे उतरवले या आरोपावरून चार दिवसांनी वॉरंट निघालं. तीन आठवड्यांनी ऑरेंज बोल स्टेडियममध्ये ‘सभ्यतेसाठी मेळावा’ भरला, सुमारे ३० हजार लोक आले, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. त्या रात्री मंचावर फोटो काढणारे होते, पण मॉरिसनने कपडे उतरवल्याचं दाखवणारा एकही फोटो खटल्यात आला नाही. सप्टेंबर १९७० मध्ये ज्युरीने त्याला गंभीर आरोपातून आणि दारू पिऊन धिंगाणा घातल्याच्या आरोपातून सोडलं. अंगप्रदर्शन आणि सार्वजनिक ठिकाणी अश्लील बोलणं या दोन किरकोळ गुन्ह्यांत दोषी धरलं. शिक्षा काय, तर सहा महिने सक्तमजुरी आणि ५०० डॉलर दंड. ज्याचा ठोस पुरावा होता ती दारू माफ, आणि ज्याचा फोटो नव्हता ते शाबित! त्याने अपील केलं. अपील चालू असतानाच तो गेला.

मग ९ डिसेंबर २०१० रोजी, पद सोडण्याच्या बेतात असलेले फ्लोरिडाचे गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी क्षमादान मंडळाकडून त्याला मरणोत्तर माफी मिळवून दिली. बातम्यांत आनंद झाला. डोअर्सच्या उरलेल्या सदस्यांनी मात्र निवेदन काढलं, की जिमला माफीची गरजच नव्हती. मला ते निवेदन फार योग्य वाटतं. माफी गुन्हेगाराला मिळते. या माणसाने निकाल मान्य केला नव्हता, तो त्याविरुद्ध लढत होता, म्हणजे त्याने स्वतःचं ‘नाही’ नोंदवून ठेवलं होतं. चाळीस वर्षांनी कोणीतरी उदार होऊन त्याला क्षमा केली, आणि त्या क्षमेत त्याचं ‘नाही’ पुसलं गेलं. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. मेलेल्या माणसाच्या बाबतीत हेतू चांगलाच असतो बहुतेकांचा. पुतळ्यावर नाव लिहिणाऱ्याचाही असतो.

या सगळ्या वारशात मला एकच वागणूक खरोखर मोलाची वाटते, आणि तीही निर्मळ, सरळ नाही. डेन्समोरची.

अगदी सुरुवातीला, पैसा नव्हता तेव्हा, मॉरिसननेच सुचवलं होतं की जे काही मिळेल त्याचे चार समान वाटे करायचे, आणि प्रत्येकाला नकाराचा अधिकार ठेवायचा. कोणी बहकलाच, तर दुसरा थांबवू शकेल. चाल कोणाची, शब्द कोणाचे याचा हिशेब करायचा नाही. ज्याने आपल्याकडची साथीदारांची बिदागी पाहिली आहे त्याला हे वाचून भरून येईल. मुख्य गायक ड्रमवाल्याला समान वाटा देतो, आणि वर आपल्यालाच अडवण्याचा हक्क देतो!

१९६८ मध्ये ब्यूइक मोटारीच्या जाहिरातीसाठी डोअर्सच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची मागणी आली. मॉरिसन गावात नव्हता, त्याचा पत्ता लागत नव्हता. उरलेल्या तिघांनी होकार दिला. यात डेन्समोरही होता. परत आल्यावर मॉरिसन भडकला. मंचावर ब्यूइक आणून घणाने फोडीन म्हणाला. ते गाणं मुख्यतः क्रीगरने लिहिलेलं होतं, मॉरिसनने नव्हे, हे लक्षात घ्या. त्याला राग आला तो चौघांच्या नावाने गाडी विकली जात होती म्हणून, आणि आपल्याला न विचारता.

मॉरिसन गेल्यावर ब्रिटनमध्ये पिरेली टायरच्या जाहिरातीसाठी एक गाणं मागितलं गेलं आणि डेन्समोरने हो म्हटलं. पुढे त्याने स्वतःच लिहिलं आहे, की जाहिरात आल्यावर जिमचा आवाज कानाशी घुमायला लागला, आणि त्याने त्या पैशातला आपला वाटा दान करून टाकला. म्हणजे हा माणूस दोनदा घसरला होता. मला तो विश्वासार्ह वाटतो तो यामुळेच.

या शतकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकने मोटारीच्या जाहिरातीसाठी दीड कोटी डॉलर देऊ केले. मॅन्झारेक आणि क्रीगर तयार होते. डेन्समोर नाही म्हणाला. एका माणसाचं ‘नाही’ पुरेसं होतं, करारच तसा होता. त्याच सुमारास मॅन्झारेक आणि क्रीगर यांनी ‘द कल्ट’ या बँडचा गायक इयन ॲस्टबरी याला मॉरिसनच्या जागी उभं करून ‘एकविसाव्या शतकातले डोअर्स’ अशा नावाने दौरे सुरू केले. २००३ मध्ये डेन्समोरने आपल्या दोन जुन्या सोबत्यांवर खटला भरला. त्यांनी उलट दावा ठोकला, चार कोटी डॉलरचा: तू मोटारवाल्यांना नकार देऊन आमचं नुकसान केलंस. कोर्टात डेन्समोर देशविरोधी आहे, साम्यवादी विचारांचा आहे असंही रंगवलं गेलं. २००५ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला, ‘द डोअर्स’ हे नाव वापरायला दोघांना मनाई झाली, आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढची दाद नाकारल्यावर प्रकरण मिटलं.

आणि त्या खटल्यात त्याच्या बाजूला कोण उभं होतं? मॉरिसनची जोडीदार पामेला कोर्सन हिचे कुटुंबीय, आणि मॉरिसनचे आईवडील. मृत्युपत्रात त्याने सगळं पामेलाला दिलं होतं. १९७४ मध्ये तीही गेली, हेरॉइनने, तीही २७व्या वर्षी. वाटा तिच्या आईवडिलांकडे गेला आणि पुढे तडजोड होऊन मॉरिसनच्या आईवडिलांपर्यंत पोहोचला. ज्या ॲडमिरल बापाला मुलाने जिवंतपणी मेलेला ठरवलं होतं, तो म्हातारपणी मुलाच्या नकाराचं रक्षण करणाऱ्यांच्या रांगेत होता. थडग्यावरची ग्रीक अक्षरांची पाटीही बापानेच लावून घेतली. तिचा अर्थ साधारण असा होतो: आपल्या आतल्या दैवताला अनुसरून. मुलाने कोणाचं ऐकलं नाही, हे त्याने इतक्या आदराने लिहून ठेवलं.

डेन्समोर मॉरिसनचा भक्त नव्हता, हे इथे महत्त्वाचं आहे. चौघांत सगळ्यात जास्त वैतागलेला तोच होता. १९६८ मध्ये ध्वनिमुद्रण चालू असताना मॉरिसनची अवस्था बघून त्याने स्टिक्स फेकल्या, बँड सोडतो म्हणाला आणि निघून गेला; दुसऱ्या दिवशी परत आला. त्याच्या आठवणी वाचताना मॉरिसनबद्दलचा राग पानोपानी दिसतो. मृत मित्राला त्याने कधी संत केलं नाही. उलट मॅन्झारेक आयुष्यभर मॉरिसनबद्दल देवासारखं बोलत राहिला. आणि सांभाळलं कोणी? ज्याने त्याचे दोष सर्वांत जवळून पाहिले त्याने. मला यात विसंगती दिसत नाही. भक्ताला देव आपल्या मनासारखा हवा असतो. देव काय म्हणाला होता हे त्याला आठवायचं कारण नसतं. साथीदाराला आठवतं, कारण त्याने त्या म्हणण्याचा त्रास सोसलेला असतो.

डेन्समोरविरुद्ध जे मुद्दे आहेत ते हलके नाहीत. पहिला: क्रीगरने लिहिलेलं गाणं विकायला क्रीगरला मयताची परवानगी का लागावी? दुसरा: मॉरिसन गेल्यावर १९७१ आणि १९७२ मध्ये तिघांनी ‘द डोअर्स’ याच नावाने दोन अल्बम काढले होते, तेव्हा डेन्समोरला नाव पवित्र वाटलं नव्हतं. तिसरा मला सर्वांत जड वाटतो. १९७० मध्ये, आपल्या २७व्या वाढदिवशी, मॉरिसनने स्टुडिओत नुसत्या कविता वाचून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. १९७८ मध्ये तिघांनी त्या आवाजाखाली संगीत भरून अल्बम काढला. डेन्समोर त्यात होता. त्यांचा जुना निर्माता पॉल रॉथचाइल्ड याने त्यावर फार कडक टीका केली. कवीने जिथे श्वास घेतला, तिथे दुसऱ्यांनी ताल भरला. मी साथीदार असून सांगतो, हे मी केलं नसतं. बोलणाऱ्याला आपल्या लयीत ओढायचं आणि तो ‘थांब’ म्हणू शकत नाही, याला साथ म्हणता येत नाही.

पहिल्या मुद्द्याला माझं उत्तर असं, की क्रीगरच्या गाण्याला पैसा मॉरिसनच्या गळ्यामुळे आणि चौघांच्या नावामुळे मिळत होता, आणि समान वाट्याचा फायदा क्रीगरने मॉरिसनच्या गाण्यांवर आयुष्यभर घेतला होता. करारातला गोड भाग ठेवून कडू भाग टाकता येत नाही. दुसऱ्याला: १९७१-७२ची गाणी त्या तिघांची स्वतःची होती, ती त्यांनी स्वतःच्या गळ्याने गायली, लोकांना फारशी भावली नाहीत आणि १९७३ मध्ये त्यांनी दुकान बंद केलं. त्यात कोणी मॉरिसन होऊन उभं राहिलं नव्हतं. तिसऱ्या मुद्द्याला मला उत्तर नाही. डेन्समोर तिथे चुकला, असंच मी म्हणेन.

मॅन्झारेकची बाजू समजून न घेणं अन्याय होईल. त्याला वाजवायचं होतं. साठी उलटलेल्या वादकाला आपल्या तारुण्याचं संगीत पुन्हा एकदा भरल्या सभागृहात वाजवावंसं वाटलं, तर त्याला लोभी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वाजवायला कोणाची हरकतही नव्हती, डेन्समोरचीही नव्हती. हरकत नावाला होती. मे २०१३ मध्ये मॅन्झारेक जर्मनीत वारला. त्याआधी डेन्समोरने त्याला फोन केला होता. क्रीगरशीही पुढे समेट झाला, दोघांनी एकत्र वाजवलं. कोर्टात भांडूनही साथ पुरती तुटली नाही.

हे सगळं अमेरिकेतलं जुनं भांडण आहे, आपल्याला त्याचं काय, असं वाटत असेल तर आपल्याकडे काय चाललंय ते पाहा. कॅलिफोर्नियात माणूस मेल्यावर ७० वर्षं त्याचं नाव, आवाज, चेहरा यांच्या व्यापारी वापरावर वारसांचा हक्क राहतो. आपल्याकडे २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूत प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या माणसाबरोबरच संपतो, तो वारशाने मिळत नाही. जिवंत कलावंतांना संरक्षण मिळू लागलं आहे: २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखली, २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीतही तसाच आदेश दिला. मात्र जो स्वतः कोर्टात जाऊ शकत नाही, त्याचा गळा उघड्यावर आहे. त्याच्या जुन्या रेकॉर्डवर कंपनीचा हक्क असेल, कवितेवर ६० वर्षं वारसांचा असेल. पण त्याच्या आवाजाने त्याने कधी न गायलेलं गाणं गाऊन घेतलं, तर अडवणार कोण?

२०२४च्या सुरुवातीला ए. आर. रहमान यांनी एका तमिळ गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा उभे केले. कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला, हे उघडपणे सांगितलं. यापेक्षा सभ्यपणे हे करता येणार नाही, हे मी मान्य करतो. तरीही माझं मन तिथे अडखळतं. कुटुंबाला काय माहीत असतं? मुलाला बाप माहीत असतो. बाप कुठल्या स्वरावर समाधानी नसायचा, कुठलं गाणं कितीही आग्रह झाला तरी गायचा नाही, कुठल्या मैफलीनंतर गप्प गप्प घरी यायचा, हे मुलाला माहीत असेलच असं नाही. मॉरिसनच्या आईवडिलांना त्याच्या गाण्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना योग्य बाजूला उभं राहता आलं, कारण जाणणारा माणूस पुढे होता आणि त्याच्या हातात करारातलं एक कलम होतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. व्यक्तिमत्त्वाचा हक्क मृत्यूनंतरही काही वर्षं टिकला पाहिजे, असा कायदा आपल्याकडे व्हावा, पण तो हक्क आपोआप रक्ताच्या वारसाकडे जाऊ नये. कलावंताला हयातीतच एखाद्या माणसाला नेमता आलं पाहिजे: साथीदार, शिष्य, ध्वनिमुद्रक, कोणीही, ज्याला त्याच्या वतीने फक्त ‘नाही’ म्हणता येईल. ‘हो’ म्हणायचा अधिकार त्याला नको, पैशात वाटाही नको. वाटा नसला की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं. याने काही चांगल्या गोष्टी अडतील, काही सुंदर आवाज लोकांपर्यंत पोहोचणार नाहीत. ते नुकसान मला मान्य आहे. मेलेल्याची कला सगळीच्या सगळी आपल्या हाती आली पाहिजे, असा करार त्याने आपल्याशी केलेला नसतो.

दारूबद्दलही एकदा स्पष्ट बोलायला हवं, कारण ‘वारसा’ या नावाखाली सर्वांत जास्त खपते ती तीच. आपल्याकडेही एखाद्या गवयाच्या बंदिशींपेक्षा त्याच्या पिण्याच्या गोष्टी जास्त चवीने सांगितल्या जातात, आणि सांगणारा शेवटी म्हणतोच, ‘पण ती नसती तर हा स्वर लागला नसता.’ मॉरिसनचे पहिले दोन अल्बम आले १९६७ मध्ये, तो सावध होता तेव्हा. पुढे पुढे त्याचा आवाज घोगरा झाला, शरीर सुटलं, डिसेंबर १९७०च्या न्यू ऑर्लिन्सच्या कार्यक्रमात त्याने माइकचा दांडा मंचावर आपटून आपटून लाकूड फोडलं, आणि त्या बँडचा तो त्याच्यासह शेवटचा कार्यक्रम ठरला. त्यानंतरही शेवटचा अल्बम चांगला झाला. तो चांगला झाला तिघांनी आपल्या तालमीच्या जागेत, घरगुती वातावरणात, त्याला झेपेल त्या वेगाने ध्वनिमुद्रण केलं म्हणून. त्याला सांभाळून घेणाऱ्यांचं श्रेय आपण बाटलीला देत आलो आहोत.

२०२३ मध्ये मॅन्झारेकचे वारस आणि क्रीगर यांनी आपल्या वाट्याचे हक्क एका मोठ्या संगीत कंपनीला विकले. डेन्समोरने विकले नाहीत. तो आता ऐंशी ओलांडून गेला आहे.

माझ्या कपाटात एका बुवांच्या अकरा कॅसेट आहेत. त्यांच्या मागे मी वीसेक वर्षं बसलो. त्यांतल्या तीन कॅसेटवरचं गाणं त्यांना पसंत नव्हतं. आवाज लागला नव्हता, ‘हे बाहेर जाऊ देऊ नकोस’ असं ते मला दोनदा म्हणाले होते. बुवा गेले. गेल्या वर्षी त्यांच्या घरच्यांकडे कोणीतरी आलं, जुनी ध्वनिमुद्रणं द्या, साफ करून, खाली नवा ताल भरून प्रसिद्ध करतो म्हणून. घरचे खुश झाले, मला फोन आला. माणसं चांगली आहेत, त्यांना बुवांचं नाव व्हावं असं मनापासून वाटतं. मी आठ कॅसेट दिल्या. तीन नाही दिल्या, आणि का नाही ते सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. कायद्याने माझं तिथे काही चालत नाही, मी नुसता तबलजी. त्या तीन कॅसेटच्या डब्यांवर मी पेनाने लिहून ठेवलं आहे: बुवा नको म्हणाले होते. खाली तारीख घातली आहे आणि सही केली आहे.